टीओआय-५२०५: भोरच्या शेतातून टिपलेलं अधिक्रमण

आठ इंची दुर्बिणीतून दुसऱ्या ताऱ्याभोवतीचा ग्रह पकडता येतो असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: ‘कसा दिसतो?’ दिसत नाही. ग्रह तर नाहीच, बऱ्याचदा त्याचा तारासुद्धा आयपीसमधून दिसत नाही. ग्रह ताऱ्यासमोरून सरकताना, म्हणजे अधिक्रमणाच्या वेळी, ताऱ्याचा प्रकाश थोडा वेळ थोडा कमी होतो, आणि तेवढंच आपल्या हाती लागतं. तेही रात्रभराच्या फोटोंचा हिशेब मांडल्यावर. हे सगळं नीट सांगूनच मी मामांकडे भोरच्या शेतात दुर्बीण लावायची परवानगी मागितली होती. ‘मग बघायचं काय त्यात?’ असं म्हणत त्यांनी गोठ्यामागची सपाट जागा दाखवली, आणि मोटरच्या खोलीतून वायर ओढून दिली.

मी पुण्यात एका कंपनीत डेटाबेस सांभाळते. आकाश हा शनिवार-रविवारचा उद्योग. बाह्यग्रहांबद्दल वाचत होते, पण ते काम चिली-हवाईतल्या डोंगरांवरचं, आपण बातमी वाचावी आणि पुढे जावं, अशी समजूत होती. ती मोडली ती लाल बटू ताऱ्यांमुळे. हे थंड, छोटे तारे आपल्या आकाशगंगेत चारात तीन एवढे आहेत आणि साध्या डोळ्यांना एकही दिसत नाही; अगदी शेजारचा, सव्वाचार प्रकाशवर्षांवरचा प्रॉक्सिमासुद्धा नाही. पण ग्रह शोधणाऱ्याच्या दृष्टीने त्यांचा खुजेपणा फायद्याचा. पृथ्वी सूर्यासमोरून गेली तर लांबून पाहणाऱ्याला सूर्य जेमतेम ०.००८ टक्के मंदावलेला दिसेल, गुरू गेला तर एक टक्का. ट्रॅपिस्ट-१ हा तारा आकाराने गुरूपेक्षा थोडाच मोठा, म्हणून त्याच्यासमोरून पृथ्वीएवढा ग्रह गेला तरी पाऊण टक्क्याच्या आसपास प्रकाश अडतो. मिकाएल गियॉन आणि सहकाऱ्यांनी त्याचे पहिले ग्रह २०१६ मध्ये जाहीर केले ते चिलीतल्या ६० सेंटिमीटरच्या दुर्बिणीच्या जोरावर. त्याआधी २००९ मध्ये जीजे १२१४ बी सापडला तो अ‍ॅरिझोनातल्या एमअर्थ प्रकल्पाच्या ४० सेंटिमीटर दुर्बिणींनी. ४० सेंटिमीटर म्हणजे सोळा इंच. तसल्या दुर्बिणी हौशी मंडळींकडेही असतात.

माझी आठच इंचांची, म्हणून मला खोल खड्डा पाडणारा ग्रह हवा होता. तो शोधताना टीओआय-५२०५ बी सापडला. जंबुक तारकासमूहातला हा तारा वस्तुमानाने आणि त्रिज्येने सूर्याच्या साधारण चाळीस टक्के, तापमान ३४०० केल्व्हिनच्या थोडं वर. त्याच्याभोवती साधारण गुरूएवढाच मोठा आणि गुरूएवढाच जड ग्रह १.६३ दिवसांत एक फेरी मारतो. ग्रहाची त्रिज्या ताऱ्याच्या त्रिज्येच्या सत्तावीस टक्के. त्याचा वर्ग करा, सात टक्क्यांच्या पुढे जातो. ग्रह समोर आला की ताऱ्याचा सात टक्के प्रकाश गायब. शुभम कनोडिया आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये तो जाहीर केला तेव्हा त्याला ‘निषिद्ध ग्रह’ म्हटलं गेलं, कारण असल्या लहान ताऱ्याभोवती गुरू तयारच व्हायला नको. गुरू घडवायचा तर आधी पृथ्वीच्या दहापट वगैरे वस्तुमानाचा घन गाभा लागतो, आणि तोही भोवतालचा वायू उडून जायच्या आत. लहान ताऱ्यांभोवतीच्या, ग्रह जिथे घडतात त्या वायू-धुळीच्या चकत्यांमध्ये तेवढी धूळ सहसा मोजली गेलेली नाही. तरी ग्रह आहे. मला हा ग्रह आवडला त्याचं निम्मं कारण हा वाद, आणि निम्मं कारण ते सात टक्के.

दुर्बिणीला हात लावायच्या आधी घरी बसून करायचं काम बरंच निघालं. अशी अधिक्रमणं शोधणाऱ्या ‘नासा’च्या टेस उपग्रहाचा सगळा डेटा बाल्टिमोरच्या संग्रहातून कुणालाही फुकट मिळतो, आणि लाइटकर्व्ह नावाचं पायथनचं पॅकेज आहे. ऑफिसमध्ये दिवसभर तक्त्यांशी झटापट करणाऱ्या माणसाला हे काम परकं वाटत नाही. पण पहिला आलेख निघाला आणि मी गोंधळले: खड्डा सात टक्क्यांचा नव्हताच, बराच उथळ होता. कारण टेसच्या पिक्सेलमध्ये आहे. त्याचा एक पिक्सेल आकाशातला २१ विकलांचा (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) चौकोन व्यापतो. जंबुक आकाशगंगेच्या पट्ट्यात येतो, तिथे तारे खच्चून भरलेले. गाया उपग्रहाच्या यादीतले तारे त्या चौकोनांवर मांडले तर आपल्या ताऱ्याच्या चौकोनात शेजाऱ्यांची गर्दी दिसते. त्या सगळ्यांचा प्रकाश एकत्र मोजला जातो, त्यामुळे एकाचा खड्डा पातळ होतो. दुधात पाणी घातल्यासारखं. पाणी किती हे कळलं नाही तर ग्रहाचा आकार चुकतो, आणि त्याहून वाईट म्हणजे खड्डा पाडणारा तारा आपला की शेजारचा हेही टेसवरून ठरत नाही. जमिनीवरून पुन्हा पाहण्याची गरज इथेच उभी राहते. साध्या दुर्बिणीच्या फोटोत दोन-तीन विकलांवरचे तारे सुटे दिसतात. अंतराळातल्या कोट्यवधी डॉलरच्या उपग्रहाला जे जमत नाही ते भोरच्या शेतातून जमतं, हे ऐकून मामा भलतेच खूश झाले. मामींना मात्र ते पटलं नाही.

दुसरी अडचण खड्ड्याच्या आकाराची. सूर्यासारख्या ताऱ्यासमोरून ग्रह गेला की आलेखाला सपाट बुडाच्या परातीसारखा आकार येतो, असं पुस्तकात असतं. इथे ग्रह ताऱ्याच्या पाव त्रिज्येहून मोठा, त्यामुळे त्याला ताऱ्याच्या कडेवर चढायलाच वेळ लागतो. सव्वा-दीड तासाच्या अधिक्रमणातली जवळजवळ वीस मिनिटं आत शिरण्यात आणि तेवढीच बाहेर पडण्यात जातात. उरलेल्या वेळेतही बूड सपाट नाही, कारण ताऱ्याच्या कडा मध्यापेक्षा मंद असतात. त्यात टेसने सुरुवातीला तिथे दर तीस मिनिटांनी एकच बिंदू घेतलेला. अशा दोन-तीन बिंदूंचा खड्डा इंग्रजी व्हीसारखा दिसतो, आणि खोल व्ही दिसला की जाणकाराच्या मनात पहिला विचार येतो तो एकमेकांना झाकणाऱ्या जोडताऱ्यांचा. आमच्या हौशी निरीक्षकांच्या गटातल्या सरांना मी आलेख पाठवला, ताऱ्याचं नाव मुद्दाम न सांगता. त्यांचं उत्तर दोन शब्दांचं: ‘जोडतारा. सोड.’

सरांचं उत्तर चुकलं असं म्हणवत नाही, कारण त्या आलेखावरून तसंच म्हणायला हवं. गुरू, तपकिरी बटू (ग्रह आणि तारा यांच्या अधलामधला) आणि सगळ्यात हलका लाल बटू या तिघांचाही आकार जवळपास सारखाच असतो; वस्तुमानात मात्र ऐंशीपटीपर्यंत फरक. प्रकाश किती अडला यावरून आकार कळतो, जात कळत नाही. जात कळायला वस्तुमान लागतं, आणि वस्तुमानासाठी ताऱ्याचा डोल मोजावा लागतो. ग्रह ताऱ्याला ओढतो, तारा थोडा पुढे-मागे हलतो, त्याच्या वर्णपटातल्या रेषा सरकतात. आपल्या गुरूमुळे सूर्य सेकंदाला साडेबारा मीटर वेगाने डोलतो. टीओआय-५२०५ चा डोल सेकंदाला साडेतीनशे मीटरच्या घरात, कारण तारा हलका आणि ग्रह अगदी जवळ. तारा लाल आणि मंद, त्यामुळे ही मोजणी टेक्सासमधल्या दहा मीटरच्या हॉबी-एबर्ली दुर्बिणीवर बसवलेल्या हॅबिटेबल-झोन प्लॅनेट फाइंडर या अवरक्त वर्णपटमापकाने केली. सुव्रत महादेवन यांच्या पुढाकाराने पेनसिल्व्हेनियात ते यंत्र उभं राहिलं, आणि ते बनवणाऱ्यांपैकी जो निनान आता मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत आहेत. हे वाचून मला उगीच बरं वाटलं. कुलाबा काही फार लांब नाही.

या मोजणीतही तारा दगा देतो. लाल बटू तारे चंचल; त्यांच्यावर मोठे डाग असतात, तारा फिरतो तसे डागही फिरतात आणि वर्णपटातल्या रेषांचा आकार बिघडवतात. तो बिघाड ग्रहाच्या डोलासारखाच दिसू शकतो. ग्लिझ ५८१ डी हे त्याचं गाजलेलं उदाहरण: २००७ मध्ये जाहीर झालेला, पुढे जीवसृष्टीला अनुकूल म्हणून बातम्यांत मिरवलेला ग्रह. २०१४ मध्ये पॉल रॉबर्टसन, महादेवन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की तो ग्रह नसून ताऱ्याच्याच हालचालींचा परिणाम आहे. ग्रहाची खात्री करायला निघालेला माणूस बहुतेक वेळ ताऱ्याचाच अभ्यास करत बसतो, आणि माझ्या छोट्या कामातही तेच झालं.

मग प्रत्यक्ष निरीक्षण. जंबुक रात्रभर उत्तम दिसतो तो जुलै-ऑगस्टमध्ये, आणि तेव्हा भोरला काय असतं हे सांगायला नको. राहिला दसरा-दिवाळीचा काळ. ऑक्टोबरच्या शेवटी अंधार पडतो तेव्हा तारा डोक्यावर येऊन नुकता पश्चिमेकडे कललेला असतो, आणि साडेदहा वाजेपर्यंत चौतीस-पस्तीस अंशांवर उतरतो. वापरण्याजोगे तास तीन-साडेतीन. ग्रहाची फेरी एकोणचाळीस तासांची, त्यामुळे अधिक्रमण कधी भर दुपारी, कधी पहाटे. संध्याकाळच्या त्या पट्टीत बसणारी महिन्यात बोटांवर मोजण्याइतकी. त्यातली काही ढगांनी खाल्ली, काही ऑफिसच्या रिलीजने. चंद्र नको म्हणून अमावास्येच्या बाजूची रात्र निवडावी, तर ऑक्टोबर-नोव्हेंबरातली अमावास्या म्हणजे लक्ष्मीपूजन. फटाक्यांचा धूर दरीत तासन् तास बसून राहतो. त्या संध्याकाळी मी दुर्बीण बाहेरच काढली नाही, फराळ केला.

जमलेली रात्र दिवाळीनंतरची. उजेड असतानाच माउंट, म्हणजे ताऱ्यामागोमाग दुर्बीण फिरवणारी बैठक, लावलं. आपल्याकडे ध्रुव जेमतेम अठरा अंशांवर असतो. उत्तरेकडच्या डोंगराच्या कडेवर तो दिसेपर्यंत वाट पाहायची आणि मग मातीत पोटावर पडून माउंटचा अक्ष जुळवायचा. संधिप्रकाशात फ्लॅट घेतले: नळीच्या तोंडावर मामांचा धुतलेला पांढरा पंचा ताणून बांधला आणि आकाशाचे एकसारख्या उजेडाचे फोटो काढले. कॅमेऱ्यावरची धूळ आणि कोपऱ्यांतली काळोखी नंतर या फोटोंनी भागून काढता येते. पंच्याऐवजी खास पॅनेल विकत मिळतात, पण सुती पंचा चालतो.

फिल्टर कोणता लावायचा यावर मी बरेच दिवस घासाघीस केली होती. एवढ्या थंड ताऱ्याचा बहुतेक प्रकाश अवरक्तात. निळ्याहिरव्यात पाहिलं तर हाती काहीच लागत नाही. म्हणून गडद लाल आणि अवरक्ताच्या उंबरठ्यावरचा आय फिल्टर. पण कॅमेऱ्याची नजर तिथेच कमी होत जाते, आणि वातावरणातल्या हायड्रॉक्सिल रेणूंची स्वतःची चमकही तिथेच वाढते. तारा आपल्या बाजूने, आकाश आणि कॅमेरा विरुद्ध. दीड-दीड मिनिटांच्या फोटोंवर तडजोड झाली.

ठरल्याप्रमाणे सव्वाआठला अधिक्रमण सुरू व्हायचं होतं. साडेसातपासून फोटो सुरू केले, कारण आधीची आणि नंतरची सपाट रेषा नसेल तर खड्डा मोजणार कशापासून? आठच्या सुमारास शेजारच्या खळ्यावर भाताची झोडणी सुरू झाली आणि हॅलोजन पेटला, थेट दुर्बिणीच्या रोखाने. मामा बॅटरी घेऊन तिकडे गेले. काय बोलणं झालं माहीत नाही, पण हॅलोजनचं तोंड फिरलं आणि मामा कोवळी काकडी घेऊन परत आले. भाटघर धरणाचं पाणी जवळ, त्यामुळे दव भरपूर. नळीवरून थेंब ओघळत होते. दुय्यम आरशाला हीटरची पट्टी नसती तर नऊपर्यंत सगळं आंधळं झालं असतं.

लॅपटॉपवर प्रत्येक फोटोनंतर मी कच्चा हिशेब करत होते: आपल्या ताऱ्याचा प्रकाश भागिले आजूबाजूच्या निवडक ताऱ्यांचा प्रकाश. ठिपके दोन टक्क्यांच्या आतबाहेर विखुरलेले. मामांना मी स्क्रीनवर तारा दाखवला. शेकडो ठिपक्यांतला एक, शेजाऱ्यांपेक्षा मंदच. ‘हाच का?’ ते म्हणाले. ‘ह्याच्यासाठी इतकं?’ आणि खुर्ची ओढून बसले. साडेआठच्या सुमारास त्यांनीच विचारलं, ‘अगं, हे ठिपके खाली का चाललेत? ढग आला काय?’ ढग आला असता तर शेजारचे तारेही मंदावले असते. भागाकारात ते दिसलंच नसतं. मी दुसऱ्या दोन ताऱ्यांचे आलेख उघडले. ते सरळ चाललेले. आपलाच खाली उतरत होता. मामींना हाक मारली. त्याही आल्या, आणि ‘हे जे खाली गेलंय तेवढा तो ग्रह ना?’ असं त्यांनी अगदी नेमकं विचारलं. साडेनऊनंतर ठिपके परत वर आले.

खरं काम पुढचा आठवडाभर चाललं. अ‍ॅस्ट्रोइमेजजे या सॉफ्टवेअरमध्ये नीट मोजल्यावर खड्ड्याआधीची आणि नंतरची रेषा एका पातळीवर नव्हती. रात्र सरली तसा तारा हळूहळू ‘तेजस्वी’ होत गेला होता. इथेही तारा लाल असण्याचाच त्रास. तुलनेला घेतलेले शेजारी बहुतेक जास्त तापलेले, निळसर. तारे पश्चिमेला उतरतात तसा प्रकाश जास्त हवेतून येतो, आणि हवा निळा प्रकाश जास्त अडवते. शेजारी लवकर मंदावतात आणि लाल तारा फुकट वर चढतो. शिवाय हवेतली पाण्याची वाफ अवरक्ताच्या काही पट्ट्या खाते, आणि ती रात्रीतून बदलते. एमअर्थच्या लोकांना याच दुखण्यावर खास उपाय करावा लागला होता. मी शक्य तितके लालसर शेजारी शोधले. गायाच्या यादीत रंग दिलेले असतात, तिथून निवडले आणि उरलेला उतार हवेच्या जाडीच्या हिशेबाने काढून टाकला. बरेच जण इथे घाई करतात आणि खड्डाच वाकडा करून बसतात.

वेळेचाही हिशेब आहे. लॅपटॉपवरची भारतीय वेळ साडेपाच तास मागे नेऊन भागत नाही. पृथ्वी सूर्याभोवती फिरताना कधी ताऱ्याच्या जवळ असते, कधी लांब, त्यामुळे तोच प्रकाश आठ मिनिटांपर्यंत लवकर किंवा उशिरा पोचतो. सगळ्या नोंदी सौरमालेच्या गुरुत्वमध्याच्या वेळेत न्याव्या लागतात, शिवाय लीप सेकंद धरून घड्याळाची वेळ आणि खगोलशास्त्राची एकसलग वेळ यांच्यातला ६९ सेकंदांचा फरक. जगभरचे हौशी निरीक्षक ज्या डेटाबेसमध्ये आपली अधिक्रमणं चढवतात, त्या अमेरिकन चलतारा निरीक्षक संघटनेच्या यादीत वेळ याच पद्धतीने द्यावी लागते. माझा अधिक्रमणाचा मध्य छापील भाकितापासून दोन मिनिटांच्या आत आला. माझ्या त्रुटीपट्ट्या, म्हणजे मोजणीतली अनिश्चितता, त्याहून रुंद होत्या, त्यामुळे फुशारकी मारण्यासारखं काही नाही. खोली सात टक्क्यांच्या जवळपास आली. टेसच्या आलेखाहून स्पष्टपणे जास्त. शेजाऱ्यांची भेसळ गेली होती. सरांना आलेख पुन्हा पाठवला, या वेळी नावासकट. ‘बूड गोल आहे, व्ही नाही,’ एवढंच आलं. नंतर अर्ध्या तासाने: ‘दुसऱ्या फिल्टरमध्ये घे.’

ते करायचं आहे. ग्रह काळा, तो सगळ्या रंगांत जवळपास सारखाच प्रकाश अडवतो. झाकणारा दुसरा तारा असता तर रंगाप्रमाणे खोली बदलली असती. टीओआय-५२०५ च्या बाबतीत तो प्रश्न डोल मोजून केव्हाच सुटला आहे. माझं कुतूहल डागांचं. जेम्स वेब दुर्बिणीने या ग्रहाच्या वातावरणातून आलेला प्रकाश तपासला. कॅलेब कान्यास आणि सहकाऱ्यांनी २०२५ मध्ये मांडलेल्या निष्कर्षांत मिथेन आणि हायड्रोजन सल्फाइडच्या खुणा आहेत, आणि वातावरण जड मूलद्रव्यांच्या बाबतीत कंगाल निघालं, गुरूच्याही मागे. पण त्या वर्णपटात ताऱ्यावरच्या डागांची ढवळाढवळ एवढी, की आधी तारा वजा करावा लागला. ग्रहाने न झाकलेले गार डाग लाल आणि निळ्या बाजूला वेगवेगळी खोली दाखवतात. आठ इंचांतून तो फरक दिसेल का? एका रात्रीत बहुधा नाही. बऱ्याच रात्री एकावर एक रचल्या तर कदाचित.

एप्रिलपासून हा तारा पहाटे वर येऊ लागतो आणि पावसाआधी दीड-दोन महिने मिळतात. आर (लाल) आणि आय असे दोन्ही फिल्टर आलटून पालटून लावायचे म्हणून फिल्टरचं चाक मागवलं आहे. पहाटे तीनला अंगणातला दिवा बंद ठेवण्याबद्दल मामींशी बोलणी चालू आहेत.